पाच संगणक, सहा मुले आणि एक किल्ली

वाचकाचे पत्र :

मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात एका लहान गावात राहते. बी.कॉम. झाले आहे, एमएस-सीआयटी केले आहे आणि सध्या स्पर्धा परीक्षेची तयारी करते. नागपूरला नोकरीत असलेल्या माझ्या मामांनी त्यांच्या कार्यालयाने मोडीत काढलेले पाच संगणक मिळवून दिले आणि सरपंचांनी समाज मंदिराची खोली दिली. आषाढात वर्ग सुरू केला तेव्हा तीस मुले आली. मी एमएस-सीआयटीच्या पद्धतीनेच हार्डवेअर, सॉफ्टवेअर, इनपुट, आउटपुट अशा क्रमाने शिकवले. आज, पोळ्याच्या आठवड्यात, सहा जण उरले आहेत. सगळे मुलगे, आणि तेही गेम खेळायला येतात. मुली मागे उभ्या राहून पाहतात. बचत गटातल्या बायका एकदा आल्या, जवळच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्याही पाच जणी आल्या, पण एकही खुर्चीवर बसली नाही. दोन संगणक बंद पडले आहेत. विजेचे बिल कोण भरणार, असे ग्रामपंचायतीत विचारतात. खोलीची किल्ली शिपाईकाकांकडे असते. ते वावरात गेले की वर्ग बंद. ‘पोट्ट्याईले मोबाइल येतेच, कम्प्युटर कायले पाह्यजे?’ असे लोक म्हणतात, आणि बाबा म्हणतात, हे सोड, अभ्यास कर. माझे चुकते कुठे? फी घ्यावी का? की वर्ग बंदच करावा?

उत्तर :

प्रिय ताई,

वर्ग बंद करू नका. मात्र आज तो ज्या पद्धतीने चालला आहे, त्या पद्धतीने चालवूही नका. तीस मुलांची सहा झाली याचा दोष तुम्ही स्वतःकडे, मुलांकडे आणि जुन्या यंत्रांकडे वाटून दिला आहे. मला त्याचे कारण तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात दिसते, ते म्हणजे तुम्ही एमएस-सीआयटीच्या क्रमाने शिकवले. तो अभ्यासक्रम वाईट नाही. परंतु ज्याला पुढे नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडायचे आहे, त्याच्यासाठी तो बांधलेला आहे, आणि असा विद्यार्थी इनपुट-आउटपुटच्या व्याख्या सहन करतो, कारण त्याला त्यापलीकडची परीक्षा दिसत असते. तुमच्या खोलीत आलेल्या सातवीतल्या मुलाला ती परीक्षा दिसत नाही. बचत गटातल्या बाईला तर ती कधीच द्यायची नाही. त्यामुळे मुले गेमकडे वळली आणि बायका घराकडे वळल्या. दोघांनीही आपापल्या परीने शहाणपणाच केला, असे मी म्हणेन.

मग शिकवायचे काय? यासाठी आधी गाव आज संगणकाशी कोठे आणि कसे गाठ घालते, ते पाहावे लागेल. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरण्यासाठी केंद्रांवर लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील, कदाचित काहींचे अर्ज तुम्हीच भरून दिले असतील. पुढे त्याच योजनेची ई-केवायसी आली. पीएम-किसानची ई-केवायसी त्याआधीपासून आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे वावरातल्या पिकाची नोंद, २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर करायची आहे. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे आपल्या भाषेत सीसीआयला, हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करावी लागते. यांपैकी एकही काम गावाला टाळता येत नाही, आणि बहुतेक घरे ते दुसऱ्याच्या हाताने करून घेतात. तालुक्याला जायचे, केंद्रात बसलेल्या मुलाच्या हाती आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि स्वतःचा मोबाइल द्यायचा, ओटीपी आला की तोच वाचतो, तोच टाकतो, आणि तो ‘झाले काकाजी’ म्हणाला की पैसे देऊन एसटी पकडायची. तो मुलगा बहुधा प्रामाणिकच असतो. पण त्याच्याकडूनही खाते क्रमांकातला एक आकडा चुकतो, ‘कापूस’ऐवजी ‘सोयाबीन’ निवडले जाते, आणि समोर बसलेल्या माणसाला पडद्यावरचे वाचता येत नसल्यामुळे ती चूक सहा महिन्यांनी, पैसे आले नाहीत म्हणून, उघडकीस येते.

तुमच्या वर्गाचे उद्दिष्ट मी येथे ठेवीन. गावातल्या प्रत्येकाने आपला अर्ज स्वतः भरावा, अशी अपेक्षा धरू नका. ते घडणार नाही आणि घडण्याची गरजही नाही. आपल्या नावाने काय भरले जात आहे ते वाचता यावे आणि चूक दिसली तर ‘थांब, हा आकडा चुकला’ असे भरणाऱ्याला म्हणता यावे, इतके आले तरी तुमच्या खोलीचे काम झाले. त्यासाठी पडद्यावर कोठे पाहायचे, खाली-वर कसे सरकवायचे, मागे कसे जायचे, ‘सबमिट’ दाबण्यापूर्वी काय तपासायचे आणि पावती कोठे साठवायची, एवढे पुरते. साध्या मराठी वाचनाच्या आधारावर ते शिकता येते.

वेळेचाही हिशेब करू. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत तुमच्या हाती जेमतेम ४० दिवस आहेत. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी लागेल, त्यामागोमाग कापसाची वेचणी, आणि मग संक्रांतीपर्यंत वर्गात बायकाच काय, मोठ्या मुलीही दिसणार नाहीत. त्याला अनास्था म्हणू नका. वेचणीची मजुरी हे अनेक घरांतले वर्षातले सर्वांत भरवशाचे रोख उत्पन्न असते. ४० दिवसांत एक दिवस आड एक तास धरला तर २० तास होतात. ग्रामीण भागातील डिजिटल साक्षरतेसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये जी मोठी योजना आखली, तिचा अभ्यासक्रमही १४ ते ६० वयोगटासाठी २० तासांचाच होता, तेव्हा ही मुदत फार तोकडी आहे असे मानायचे कारण नाही. दसऱ्याला ही तुकडी संपवा, वेचणीच्या काळात रविवारी फक्त शाळकरी मुलांना बोलवा आणि पुढची तुकडी संक्रांतीनंतर घ्या. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत बसायचे नाही, हे विदर्भात वेगळे सांगायला नको. माणसांना सोसत नाही आणि यंत्रांनाही सोसत नाही.

आता कोणाला शिकवायचे. तीस जणांना बोलावून तीन संगणकांवर शिकवता येत नाही. पहिल्या तुकडीत सहा बायका आणि आठवी ते दहावीच्या सहा मुली घ्या, दोघींच्या वेळा वेगळ्या ठेवा, आणि एका संगणकासमोर दोघींपेक्षा जास्त बसवू नका. मुलग्यांवर अन्याय होतो, असे कोणी म्हणेल. त्यांना तिसरी वेळ द्या. परंतु मिश्र वर्गात माउस कोणाच्या हाती जातो, हे तुम्ही दोन महिने पाहिले आहे. दिल्लीच्या कालकाजी भागात १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी भिंतीच्या भोकात संगणक बसवला आणि झोपडवस्तीतली मुले शिक्षकाविना, एकमेकांचे पाहून तो वापरू लागली, ही गोष्ट संगणकवर्ग काढणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाते. मुले घोळक्याने शिकतात हे त्यातले खरे आहे. पण त्या घोळक्यात पुढे कोण उभे राहिले आणि मागे कोण, हे विचारल्याशिवाय ती गोष्ट मी कोणाला सांगत नाही.

वर्गात एकच नियम करा : ज्याला येते त्याने हात पाठीमागे बांधायचे. दोघींपैकी जिला कमी येते तिच्या हाती माउस, आणि जिला जास्त येते तिने फक्त तोंडाने सांगायचे. हा नियम सर्वांत अवघड जाईल तो तुम्हाला. विद्यार्थिनी चुकीच्या ठिकाणी बाण नेते, आपला हात आपोआप पुढे होतो, आपण एका क्षणात काम करून दाखवतो, ती ‘हो, समजले’ म्हणते, आणि तिला काहीही समजलेले नसते. मी शिकवत असताना पहिली दोन वर्षे हेच केले आणि त्याला शिकवणे समजत राहिलो.

बायका खुर्चीवर का बसल्या नाहीत, याचेही उत्तर द्यायला हवे. त्यांना संगणकाची भीती वाटत नाही, यंत्र बिघडले तर भरपाई कोण देणार याची वाटते, आणि त्याहून अधिक भीती सगळ्यांसमोर, विशेषतः गावातल्या मुलग्यांसमोर, हसे होण्याची वाटते. पहिल्या दिवशी दार लोटून घ्या आणि त्यांना रांगोळी काढू द्या. मी हे थट्टेने म्हणत नाही. संगणकातल्या चित्रकलेच्या साध्या प्रोग्राममध्ये तुम्ही आधीच ओळीने ठिपके मांडून ठेवा, सात ते चार म्हणा की पाच ते तीन, आणि त्यांना ते माउसने जोडायला सांगा. बटण दाबून धरायचे, ओढायचे, नेमक्या जागी सोडायचे, ही माउसची सगळी विद्या त्यात येते. चुकले तर पुसता येते. आणि या विषयात त्यांच्यापेक्षा तुम्हाला कमी येत असण्याची शक्यता असल्यामुळे खोलीतले वजन पहिल्याच दिवशी थोडे इकडचे तिकडे होते. विंडोजमध्ये १९९० साली पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ घातला गेला, तोही लोकांच्या हाताला ओढणे-सोडणे यांचे वळण लागावे म्हणून, असे सांगतात. पण समाज मंदिरात बायका पत्ते खेळतात अशी बातमी गावभर होण्यापेक्षा रांगोळी बरी. मुलांच्या गेमवर सरसकट बंदी घालू नका, हेही याच ओघात सांगतो. शेवटची दहा मिनिटे त्यांना द्या.

दुसऱ्या आठवड्यात सातबारा घ्या. महाभूलेख संकेतस्थळावर तो विनाशुल्क पाहता येतो, आणि कायदेशीर कामासाठी चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये शुल्क भरून मिळतो. प्रत्येकीने आपल्या घरच्या जमिनीचा गट क्रमांक आणावा, जिल्हा, तालुका, गाव निवडावे आणि उतारा उघडावा. येथे घाई करू नका, कारण या एका पानात बरेच शिकण्यासारखे आहे. नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावे आहे, तीवर कोणाचा बोजा आहे; नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत कोणते पीक किती क्षेत्रावर आहे. आपल्या उताऱ्यावर सासऱ्यांचेच नाव अजून आहे, नवरा जाऊन तीन वर्षे झाली तरी वारस नोंद झालेली नाही, सोसायटीचे कर्ज फेडले तरी बोजा उतरलेला नाही, अशा गोष्टी बायकांना त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसतील. त्या दिवशी वर्ग लांबेल, लांबू द्या. ई-पीक पाहणीचे महत्त्वही तेथेच उलगडते. वावरात उभे राहून घेतलेल्या छायाचित्रासह पिकाची जी नोंद होते, तीच पुढे नमुना बारामध्ये उतरते, आणि त्या उताऱ्यावर कापूस नसेल तर सीसीआयच्या खरेदीच्या वेळी अडचण येते. खरिपाची पाहणी याच दिवसांत चालू असते, म्हणून ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी तो वर्गात आणावा.

यावरून मोबाइलच्या प्रश्नाकडे येतो. ‘पोट्ट्याईले मोबाइल येतेच’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, कारण त्यांचे निम्मे म्हणणे खरे आहे. ओटीपी, ई-केवायसी, पैसे पाठवणे ही कामे मोबाइलवरच होणार, आणि मोबाइल वर्गाबाहेर ठेवून शिकवणे हा हटवादीपणा ठरेल. उरलेले निम्मे मात्र त्यांच्या नजरेतून सुटते. लांब तक्ता मांडणे, दोन्ही हातांनी टंकलेखन करणे, फाइल नाव देऊन साठवणे आणि पुन्हा शोधून काढणे, हे मोबाइलवर कोणी शिकत नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक आढळला होता, शहरांत तेच प्रमाण २३.४ टक्के होते. आणि २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा सगळ्यांनी संगणकावरच दिली. ज्या मुलाने परीक्षा केंद्रात पहिल्यांदा माउस हाती धरला, त्याचा अभ्यास कितीही झालेला असो, त्याची पहिली काही मिनिटे प्रश्नाऐवजी बाणाकडे पाहण्यात गेली असणार. सरपंचांना एवढे सांगा. गावातली तरुण पोरे कोणत्या भरतीला बसतात ते त्यांना ठाऊक असते.

तक्त्याचा धडा बचत गटाच्या वहीवरून घ्या. दहा जणींची नावे, प्रत्येकीची १०० रुपये बचत, अंतर्गत कर्ज, शेकडा दोन रुपये व्याज, असा तक्ता त्यांच्यासमोर मांडा आणि बेरीज यंत्राला करू द्या. त्यांपैकी कोणीतरी ती बेरीज आधीच तोंडी केलेली असेल, आणि दोन्ही उत्तरे जुळली की त्या यंत्रावर विश्वास ठेवतील, उलट नाही. मुलींसाठी वेचणीचा तक्ता घ्या : नाव, किलो, दर, मजुरी. समजा दर किलोला १० रुपये आहे आणि आईने २२ किलो कापूस वेचला, तर २२० रुपये. दर ११ केला की सगळा रकाना एका क्षणात बदलतो. सूत्र म्हणजे काय हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही, आणि आठवड्याचा चुकारा घेताना तो तक्ता कोणीतरी कागदावर उतरवून नेईल, ही शक्यताही आहे.

मराठी टंकलेखन इन्स्क्रिप्ट पद्धतीने शिकवा. विंडोजमध्ये आणि लिनक्स या मोफत प्रणालीमध्येही तो कळफलक आधीपासून असतो, फक्त चालू करावा लागतो. त्याची मांडणी बाराखडी शिकलेल्या माणसाला पटणारी आहे : स्वर आणि त्यांची चिन्हे बहुतांशी डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट धरला की ‘ख’. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टात टंकलेले दुसऱ्या यंत्रावर भलतेच दिसते, म्हणून त्या वाटेला नवशिक्यांना नेऊ नका. ज्या मुलींना पुढे लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी ३० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र हवे आहे, त्यांनी मात्र परीक्षेत कोणता कळफलक चालतो ते संस्थेत विचारून मगच सराव सुरू करावा.

पोडावरच्या पाच जणींविषयी तुम्ही एकाच ओळीत लिहिले आहे. मी थोडे अधिक लिहितो. त्या गप्प बसल्या याचा अर्थ त्यांना रस नव्हता असा लावू नका. त्यांच्या घरची भाषा कोलामी आहे, तुमचा धडा प्रमाण मराठीत होता आणि पडद्यावरचे शब्द निम्मे इंग्रजी होते. म्हणजे त्यांना एकाच वेळी दोन परक्या भाषा ओलांडायच्या होत्या. पोडावरची आठवी-नववीतली एखादी मुलगी तुमच्या तुकडीत आधी घ्या, तिला दोन आठवडे शिकवा आणि मग तिच्याकडून आईला, काकूला कोलामीत सांगू द्या. जमले तर एक संगणक आठवड्यातून एकदा पोडावरच न्या. तेथून चालत येऊन अंधार पडल्यावर परतणे हीच त्यांच्या गैरहजेरीची खरी अडचण असू शकते, आणि ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

यंत्रांविषयी थोडक्यात. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाही, आणि कार्यालये चालू स्थितीतले संगणक मोडीत काढतात त्याचे हे एक कारण आहे. तुमच्या मामांच्या कार्यालयाचेही तेच असावे. म्हणून जो एक संगणक इंटरनेटला जोडाल त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती आणि लेखनासाठी व तक्त्यांसाठी लिबरऑफिस घाला. दोन्ही मोफत आहेत. उरलेले दोन इंटरनेटशिवाय आहेत तसे चालू द्या, रांगोळीला आणि तक्त्याला ते पुरतात. फार संथ चालत असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी ही अधिक वेगवान डिस्क बसवणे हा सर्वांत गुणकारी खर्च आहे. नागपूरच्या सीताबर्डीत तो भाग सहज मिळतो. बंद पडलेले दोन संगणक फेकू नका. वीज तोडून, झाकण काढून मुलांना आत पाहू द्या. धूळ, मुंग्या आणि पालीची अंडी निघाली की बिघाड कसा होतो ते व्याख्येशिवाय कळेल. कदाचित दोन्हींचे सुटे भाग मिळून एक चालू यंत्रही उभे राहील.

अर्थिंगच्या बाबतीत मात्र थोडक्यात आटोपत नाही. आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी दहा संगणक आले, नारळ फुटला, भाषणे झाली, आणि दुसऱ्याच आठवड्यात पाचवीतल्या एका मुलाला लोखंडी कॅबिनेटचा झटका बसला. मुलाला काही झाले नाही. पण ती बातमी बाजाराच्या दिवशी चार गावांत गेली आणि नंतर कितीही सांगून पालक मुलांना त्या खोलीत पाठवेनात. खोलीला अर्थिंगच नव्हते, तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन कशालाच जोडलेली नव्हती, आणि हे आमच्यापैकी कोणीही आधी तपासले नव्हते. समाज मंदिर जुने आहे, म्हणून चांगल्या वायरमनला बोलावून आधी तेवढे पाहून घ्या. दिवाबत्तीच्या वेळी व्होल्टेज फार खाली जात असेल तर ती वेळ वर्गासाठी टाळा, आणि आकाशात विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवा.

विजेच्या बिलाचे उत्तर आकड्यांत द्या. तीन संगणक, प्रत्येकी साधारण १०० वॅट, दिवसाला दोन तास, महिन्याचे अगदी २५ दिवस धरले, तरी १५ युनिट; पंखा धरून २० च्या आत. एवढ्यासाठी वर्गावर फी बसवू नका, कारण फी आली की पहिल्यांदा मुलींचे नाव कमी होते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि बायका-मुलींचा वर्ग हे त्यात सहज बसणारे काम आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत हा विषय बचत गटाच्या बायकांनी मांडावा, तुम्ही नाही. तुम्ही मांडलात तर ती एका मुलीची हौस ठरेल.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. तुम्हाला सगळे येते हे कळले की लोक अर्ज भरून घेण्यासाठी रांग लावतील, त्यात पैसेही मिळतील, आणि खोलीचे केंद्र होऊन शिकवणे मागे पडेल. कोणाच्याही आधारच्या झेरॉक्स खोलीत ठेवू नका, कोणाचा पासवर्ड लिहून ठेवू नका, आणि वर्ग संपताना प्रत्येक खाते बंद झाले आहे ना ते पाहा. व्हॉट्सॲपवर ‘पीएम-किसान’च्या नावाने येणाऱ्या एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर परस्पर ॲप चढवणाऱ्या फाइल, उघडल्याने खाती रिकामी झाल्याचे प्रकार घडले आहेत, त्यासाठी एक अख्खा तास द्या. पैसे गेले तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, हे प्रत्येकीला पाठ असू द्या.

तुमच्या बाबांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. परीक्षा तुमची आहे आणि तिला बसण्याचे वय निघून जात असते. एक दिवस आड दोन तास, एवढेच या वर्गाला द्या, आणि तेवढ्यात भागेल अशी व्यवस्था आतापासून लावा. मुलींपैकी ज्या दोघी आधी तयार होतील, त्यांना दुसऱ्या तुकडीत शिकवायला बसवा; तुमची निवड होऊन तुम्ही गावाबाहेर गेलात तरी खोली उघडली पाहिजे. शिपाईकाकांना दुखवू नका, पण त्यांच्याशी आणि सरपंचांशी बोलून त्या किल्लीच्या आणखी दोन प्रती याच आठवड्यात करून घ्या, एक तुमच्याकडे आणि एक बचत गटाच्या अध्यक्षांकडे, आणि कोणत्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून घ्या. आमच्या शाळेतले ते दहा संगणक अर्थिंग झाल्यावरही बंदच राहिले, कारण डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीवर, ज्यांची सही होती त्यांना काही मोडले तर आपल्या पगारातून जाईल अशी धास्ती होती, आणि किल्ली त्यांच्या खिशात होती.